लोणच्याच्या तळाचा खार आणि रिकामी बरणी

होळी आटोपली की बऱ्याच घरांत गेल्या उन्हाळ्यात घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी तळाला येते. फोडी संपलेल्या असतात, एखादी कोय उरलेली असते, आणि तळाशी दोन बोटं जाड, काळपट लाल खार असतो. पानात वाढायला तो बरा दिसत नाही आणि टाकवत तर मुळीच नाही. मग बरणी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकते. नवं लोणचं घालायची वेळ आली की ती बाहेर निघते, झाकण उघडून कुणीतरी वास घेतं, आणि खारासकट बरणीच कचऱ्यात जाते. विकतच्या लोणच्याच्या बरणीचंही तेच होतं, फक्त वर्षभर थांबावं लागत नाही.

भरलेल्या बरणीत आणि तळाला आलेल्या बरणीत एकच पदार्थ आहे, असं आपण धरून चालतो. घोटाळा इथेच होतो. वर्षभर टिकणारं लोणचं तळाला आलं की तितकं टिकाऊ राहत नाही. रिकाम्या बरणीच्या बाबतीत याच्या उलट घडतं. आपण सगळ्या बरणीला वास लागला म्हणतो, पण काच जवळजवळ नवीच असते, थकलेलं असतं ते झाकण. हे का होतं ते कळलं की खार कसा संपवायचा आणि बरणी कशासाठी ठेवायची, ते वेगळं सांगावं लागत नाही.

लोणचं टिकतं ते कशावर

कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवलं की काही तासांत पाणी सुटतं. मीठ फोडींमधलं पाणी बाहेर ओढतं आणि स्वतः त्या पाण्यात विरघळतं. जंतूंना वाढायला नुसतं पाणी असून चालत नाही, ते वापरता यावं लागतं. मिठाने बांधलेलं पाणी त्यांना मिळत नाही, उलट त्यांच्याच पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. पाण्यात मीठ विरघळायलाही मर्यादा आहे: १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम. लोणचं इतकं खारट कुणी करत नाही, पण बहुतेक जंतूंचं काम त्याच्या कितीतरी आधीच अडतं.

दुसरी बाजू कैरीचा आंबटपणा सांभाळतो. आंबटपणा मोजायच्या पीएच मोजपट्टीवर शुद्ध पाणी ७ वर असतं आणि आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट. कच्ची कैरी ३ च्या आसपास असते. अन्न टिकवणाऱ्या जगात ४.६ हा आकडा फार महत्त्वाचा आहे, कारण त्याखाली बोट्युलिझमचं, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचं, विष तयार करणारा जंतू वाढू शकत नाही. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो, आणि तेलाखाली हवा नसते. म्हणजे तेलात बुडवलेला पदार्थ आंबट असणं ही चवीपुरती गोष्ट नाही.

तिसरं तेल. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं आणि हवा अडवतं. बुरशीला हवा लागते, त्यामुळे तेलाचा थर शाबूत असेपर्यंत तिला पाय ठेवायला जागा नसते. जुन्या चिनी मातीच्या बरणीचं झाकण कधीच घट्ट बसायचं नाही. वरून दादरा बांधायचे तो धूळ आणि मुंग्यांसाठी. बरणी खऱ्या अर्थाने बंद करायचं काम तेलच करायचं.

मोहरीचाही वाटा असतो. अख्ख्या मोहरीला वास नसतो. ती फोडून तिला ओल लागली की आतलं सिनिग्रिन आणि मायरोसिनेज नावाचं विकर एकमेकांना भेटतात, आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. मोहरी फेसतात ती याचसाठी. हा झणका जंतूंनाही सोसत नाही. पण उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणून फोडणी पूर्ण गार करून मगच मसाल्यावर ओतायची पद्धत आहे. गरम ओतलेल्या लोणच्यात मोहरी दिसते, लागत नाही.

तळाला आल्यावर काय बदलतं

वर्षभरात फोडी आणि मसाला तेल पीत राहतात. वाढताना आपण वरचं तेल आणि फोडी उचलतो. मेथीच्या पुडीत पाणी धरून फुगणारा तंतू असतो, त्यामुळे खार महिन्यामहिन्याला दाट होत जातो. शेवटी उरतो तो तेलावर येऊन बसलेला लगदा, आणि त्याच्या वर बरणीभर हवा. भरलेल्या बरणीत हवा दोन बोटं होती, आता खार दोन बोटं आहे.

हवा वाढली की तेल लवकर खवट होतं. काचेची बरणी ओट्यावर उजेडात असेल तर आणखी लवकर, कारण उजेडही तेच काम करतो. शिवाय प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली हवा बदलते. फ्रिजमधून काढलेली गार बरणी पावसाळ्यात उघडून दोन मिनिटं ठेवून पाहा: आतल्या बाजूला दव धरतं. तो थेंब खारात पडला तर तेवढ्या जागेपुरतं मीठ पातळ होतं. ओल्या चमच्याबद्दल घरातली मोठी माणसं ओरडतात त्याचं कारण हेच. चमच्याला आलेल्या पाण्याने सगळ्या बरणीचं मीठ कमी होत नाही, पण वरच्या पापुद्र्याचं होतं, आणि बुरशी नेमकी तिथेच बसते.

सगळ्यात दुबळी जागा मात्र खारात नसते. ती बरणीच्या आतल्या भिंतीवर असते. चमचा बाहेर काढताना भिंतीला घासून लागलेला मसाला पाहा. त्यावर तेल नाही, त्याखाली खार नाही, पातळसा थर हवेत उघडा. पहिला पांढरा ठिपका बहुधा इथेच दिसतो. म्हणून लोणचं निम्म्यावर आलं की ते लहान बरणीत काढावं, दाबून बसवावं, आणि वर गरम करून पूर्ण गार केलेलं तेल घालावं. एवढ्यावर ते पुन्हा काही महिने निवांत राहतं. लहान बरणीत काढायचा कंटाळा असेल तर कोरड्या फडक्याने भिंत तरी पुसून घ्यावी.

बुरशी आलीच तर वरची काढून खालचं खायचं नाही. ओलसर पदार्थात बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. शिवाय काही बुरशी आंबटपणाच खाऊन टाकतात, म्हणजे जी तटबंदी होती तीच पडते. असा खार टाकून द्यावा, त्याबद्दल हळहळू नये. नुसता रंग काळपट झाला असेल आणि वास ठीक असेल तर काही बिघडलेलं नाही. खवट वास ओळखायला तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून हुंगावा. जुन्या शेंगदाण्यांचा वास आला तर ते तेल गेलं.

खार संपवायचा तो मीठ म्हणून

खार हे लोणचं आहे असं समजून खायला गेलं तर तो संपत नाही, कारण तो नुसता खायला फार खारट असतो. तोच मीठ, तिखट, आंबट, हिंग आणि तेल यांचं तयार मिश्रण समजला की पंधरवड्यात बरणी रिकामी होते. त्यासाठी थोडा हिशेब लागतो.

प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, पण सोयीसाठी धरू की खारात १५ टक्के मीठ आहे. १०० ग्रॅम खारात १५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे १५ ग्रॅमचा एक मोठा चमचा खार पानात घेतला तर त्यातच सव्वादोन ग्रॅम मीठ आलं, दिवसाच्या वाट्याचं जवळजवळ निम्मं. दुसरीकडे, दोन वाट्या भाजणीच्या थालीपिठाला एरवी आपण चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास मीठ घालतोच. ते न घालता त्याजागी ३० ते ३५ ग्रॅम खार घातला तर मीठ तेवढंच राहतं, आणि तिखट, हिंग, हळद, मोहन सगळं आपोआप येतं. फक्त सवयीने वरून मीठ टाकायचा हात आवरायचा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या घरात हा हिशेब जास्तच कडक ठेवावा.

थालीपीठ या कामाला सगळ्यात सोयीचं आहे, कारण बरणीही त्यातच साफ होते. चमच्याने निघेल तेवढा खार परातीत काढून घ्या. मग बरणीत दोन मुठी कोरडी भाजणी टाका, झाकण लावा आणि चांगली हलवा. कोरडं पीठ भिंतीवरचं तेल ओढून घेतं आणि मसाल्याचे कण त्याला चिकटून येतात. लाकडी उलथन्याच्या दांड्याने खांद्याखालची खाच सोडवा. पीठ परातीत पालथं घाला, कांदा, कोथिंबीर घालून मळा. बरणीची आतली बाजू एवढ्यात धूसर पण कोरडी झालेली असते. पुढे धुवायला साबण निम्मा लागतो.

खाराचा झणका हवा असेल तर तो कच्चाच वापरावा, कारण मोहरीचा तिखटपणा उडून जाणारा असतो. पातळ पोहे, खार, बारीक कांदा, कच्चे शेंगदाणे, वरून ओलं खोबरं: चहाच्या वेळी यापुढे फार काही सुचायची गरज पडत नाही. चुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्यांनाही खार छान लागतो, पण त्या लगेच खाव्या लागतात, दहा मिनिटांत मऊ पडतात. शिळी भाकरी कुस्करून खार आणि दही. मऊभातावर तूप आणि नखभर खार, हे आजारी माणसाच्या तोंडाला चव आणणारं जुनं औषध आहे, औषध म्हणून त्याचा दावा कुणी करू नये एवढंच.

शिजवायचंच असेल तर खार कढत फोडणीत टाकू नका. त्यातलं तिखट आणि मेथी दोन्ही आधीच तळलेलं किंवा भाजलेलं असतं, पुन्हा कढत तेलात पडलं की करपतं आणि कडवटपणा वर येतो. भाजी शिजून गॅस बंद करायच्या आधी घालावा. भरल्या मिरचीत मात्र भाजलेल्या बेसनात कालवून आधीच भरला तर चालतो, बेसन त्याला तेलापासून सांभाळतं. शेवटचा चिकटलेला भाग काढायला बरणीत कोमट वरणाचं पाणी घालून हलवावं आणि ते आमटीत ओतावं. कोमट म्हणजे कोमटच, त्याचं कारण पुढे येतं. आणि हे सगळं कालवताना भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे सांगायला हवं असं नाही, पण सध्या पितळेची हौस परत आली आहे आणि कल्हईवाले मात्र आले नाहीत.

त्याच खारात नवं काही मुरवायचं असेल तर

गाजराचे तुकडे, हिरव्या मिरच्या, ओली हळद, लिंबाच्या फोडी जुन्या खारात टाकायची पद्धत घरोघरी आहे आणि चांगली आहे. चूक होते ती हे नवं लोणचं वर्षभराचं समजून ओट्यावर ठेवण्यात. आधीचाच हिशेब पुढे न्या: १०० ग्रॅम खारात १५ ग्रॅम मीठ. त्यात २०० ग्रॅम गाजर घातलं. एकूण ३०० ग्रॅम झालं, मीठ तेवढंच. प्रमाण १५ वरून थेट ५ टक्क्यांवर आलं. आंबटपणाही तसाच तीन ठिकाणी वाटला गेला, आणि गाजर स्वतः आंबट नाही. वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के त्यात पाणी असतं, ते सुटणार. दिसायला लोणचंच, पण टिकायच्या बाबतीत ती मसालेदार कोशिंबीर आहे. वर लिंबू पिळा, फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. लिंबाच्या फोडी स्वतःचा आंबटपणा घेऊन येतात, त्यामुळे त्यांचं गणित जरा बरं असतं.

लसणीबद्दल वेगळं सांगायला हवं. उरलेल्या तेलकट खारात सोललेल्या लसणीच्या पाकळ्या बुडवून बाहेर ठेवायच्या नाहीत. लसूण मातीतून येते, बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू मातीत असतात, लसूण आंबट नसते आणि तेलाखाली हवा नसते. चारही गोष्टी त्याच्या सोयीच्या. आणि या विषाला वास, रंग, फेस यांपैकी काहीच लागत नाही, त्यामुळे हुंगून कळेल या भरवशावर राहता येत नाही. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवली तर हरकत नाही.

वास जातो कुठे आणि राहतो कुठे

आता बरणी. लोणच्याचा वास पाण्याने जात नाही, कारण हिंगाचा गंधकयुक्त वास आणि हळदीचा रंग दोन्ही तेलात विरघळणारे आहेत. पाण्याखाली धरलं की तेल पसरतं आणि घासणीला लागतं, मग ती घासणी दिवसभर प्रत्येक भांड्याला लोणचं लावते. आधी कोरडं पीठ किंवा बेसन, मग भांड्यांचा साबण, मग पाणी, हा क्रम ठेवावा. तोंड अरुंद असेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून हलवावं, कोपऱ्यांत हात पोचत नाही तिथे तांदूळ पोचतात.

साबण किंवा सोडा लावल्यावर हळदीचा डाग पिवळ्याचा लालसर झाला तर घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. हळदीला चुना लावून जुन्या पद्धतीचं कुंकू करत ते याच गुणावर. डाग काढायला सोडा फारसा उपयोगाचा नाही; ऊन आहे. कर्क्युमिन प्रकाशात तुटतं. डाग पडलेलं पांढरं झाकण थोडं तेल चोळून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात ठेवलं की बहुतेक डाग निघून जातो. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा डाग तसाच राहू द्यावा, त्याने काही होत नाही.

एवढं करूनही बरणी हुंगली तर वास येतो. कुठून येतो ते बघायचं तर झाकण एकीकडे आणि बरणी दुसऱ्या खोलीत उघडी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेगवेगळी हुंगा. बरणीला वास नसतो. काचेला भोकं नाहीत, तेल आत शिरायला वाटच नाही. वास असतो झाकणाला. पत्र्याच्या झाकणाच्या आत कडेने जी मऊ, पांढरट कडी असते ती प्लास्टिसोलची, म्हणजे मऊ केलेल्या पीव्हीसीची. ती मऊ आहे म्हणून काचेला घट्ट बसते, आणि त्याच मऊपणामुळे तेल आणि हिंग शोषून घेते. वर्षभर शोषलेला वास साबणाच्या एका हातात निघत नाही. ऊन आणि वारा यांनी कमी होतो, पुरता जात नाही.

झाकणाचा दुसरा शत्रू मीठ. पत्र्याला आतून पातळ लेप असतो. तो चमच्याने किंवा तारेच्या घासणीने ओरखडला की खारट, आंबट ओल थेट लोखंडाला भिडते. कडेला नारिंगी ठिपके दिसले की त्या झाकणाने खाण्याचे पदार्थ झाकायचे नाहीत. झाकण धड आहे का ते तपासायला बरणीत पाणी भरून, झाकण लावून, टिश्यू कागदावर तासभर पालथी ठेवा. कागद ओला झाला तर कडी गेली. नवी झाकणं सुटी मिळतात. ६३, ७० आणि ८२ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत, पण मोजत बसण्यापेक्षा बरणीच सोबत घेऊन जावी. पुण्यात बोहरी आळीत बाटल्या-डब्यांच्या दुकानांतून विचारलं तर जोडी जुळवून देतात.

आट्यांचं झाकण आज आपल्याला नळाच्या तोटीइतकं साधं वाटतं, पण ते तसं जुनं नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवायची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत जॉन लॅंडिस मेसन याने आट्यांच्या बरणीचं पेटंट घेतलं ते १८५८ मध्ये. आपल्याकडे एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला १९०८ मध्ये, आणि कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा, ज्याचा प्रभाकर कंदील घराघरात होता. काचेचं भांडं ही त्या काळात स्वदेशीच्या चळवळीतली वस्तू होती. आज आपण तिला लोणच्यावर फुकट मिळालेली समजतो.

काच कधी तडकते

कोमट पाण्याचं म्हणत होतो ते यासाठी. लोणच्याची, जॅमची, मधाची बरणी साध्या सोडा-लाइम काचेची असते: वाळू, सोडा आणि चुनखडी साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळवून केलेली. ही काच उष्णतेने बऱ्यापैकी फुगते आणि उष्णता मात्र हळू पुढे नेते. उकळतं पाणी ओतलं की आतला थर लगेच फुगायला बघतो, बाहेरचा अजून गारच असतो. बाहेरचा थर ताणला जातो, आणि काच दाब सोसते पण ताण सोसत नाही. साधारण ४० अंशांचा एकदम फरक साध्या बरणीला जपून सोसवतो. फ्रिजमधली बरणी ५ अंशांवर आणि चहाचं पाणी ९५ वर, म्हणजे फरक ९० चा. तडा बहुधा तळाच्या कोपऱ्यातून जातो, कारण तिथे काचेची जाडी बदलते.

ओव्हनमधली काच वेगळी असते. तिच्यात बोरॉन मिसळलेलं असतं आणि ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. आपल्याकडे १९६२ पासून बोरोसिल हे नावच या काचेला पडून गेलं आहे. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून जॅमच्या बरणीत गरम कॉफी ओतायचा मोह होतो. करू नये. बरणी उकळून निर्जंतुक करायची असेल तर पातेल्याच्या तळाशी फडकं घालून, बरणी गार पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी आणि बरणी एकत्र तापू द्यावी. उकळी आल्यापासून १० मिनिटं पुरतात. मग गॅस बंद करून पाण्यातच निवू द्यावी. ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट ठेवू नये, तो दगड फार पटकन उष्णता ओढतो.

लेबलचं थोडक्यात: कागदाचं असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवलं की निघतं. प्लास्टिकचं निघतं पण चिकटा मागे ठेवतं, कारण तो पाण्यात विरघळणाराच नसतो. त्यावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून लावा, पंधरा मिनिटांनी घासा.

मग बरणीत भरायचं काय

झाकण जुनंच असेल तर चहा, साखर, कॉफी, तीळ, बेदाणे यांना तिथे पाठवू नका. ती सगळी मंडळी वास उचलणारी. मोहरी, मेथी, गोडा मसाला, लाल तिखट, सुक्या मिरच्या यांना हिंगाच्या वासाचं वावडं नसतं. मीठ, चिंच आणि आमसुलं पत्र्याच्या झाकणाखाली ठेवली की झाकण गंजतं, त्यांना प्लास्टिकचं झाकण लावा किंवा सरळ चिनी मातीची जुनी बरणी द्या. मात्र चिनी मातीच्या बरणीच्या आतल्या झिलईला बारीक जाळीसारखे तडे गेले असतील तर त्या तड्यांत तेल शिरून खवटलेलं असतं आणि ते कशानेच निघत नाही. अशीत छत्रीपासून लाटण्यापर्यंत काहीही उभं करा, खायचं ठेवू नका.

प्लास्टिकच्या बरणीचा जीव कमी असतो. विकतचं बरंच लोणचं आता पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या बरणीत येतं, तळाला त्रिकोणात १ लिहिलेलं. पेट सत्तरेक अंशांना मऊ पडायला लागतं आणि घासणीचे ओरखडे त्यात वास व ओल धरून ठेवतात. गरम तूप, गरम तेल तिच्यात कधीच नाही. खिळे, स्क्रू, बटणं, रबरबॅंड यांसाठी ठीक. मनीप्लॅंट काचेच्या बरणीत छान वाढतो, फक्त उजेडाने पाणी हिरवं होतं, तेव्हा बाहेरून कागद गुंडाळावा.

माझं मत विचाराल तर लोणच्याच्या काचेच्या बरणीचा सगळ्यात चांगला उपयोग पुढचं लोणचं घालणं हाच आहे. वास लागला तरी बिघडत नाही, तोंड चमचा जाईल एवढं असतं, आणि मे महिन्यात बाजारात नवी बरणी घ्यायला गेलं की किमतीने डोळे पांढरे होतात. नवं झाकण तेवढं घ्यायचं. बरणी धुऊन दोन दिवस उन्हात पालथी नव्हे, आडवी ठेवायची, म्हणजे आतली ओल बाहेर पडायला वाट राहते. चिनी मातीच्या बरणीला निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी द्यायची पद्धत आहे. त्या उष्णतेने उरलीसुरली ओल जाते. काचेच्या बरणीला निखारा दाखवू नका, ४० अंशांचं गणित तिथेही लागू आहे. तिला ऊनच पुरे. भरायच्या आधी गार झालेल्या बरणीचं झाकण तासभर लावून बघा. आतून जराही धुकट दिसली तर ओल आहे, पुसून पुन्हा उन्हात ठेवा आणि लोणचं दुसऱ्या दिवशी भरा.